टापूवर पाय न ठेवणाऱ्या जीजी

जीजी पाखरांना अहोजाहो करायच्या आणि माणसांना अरेतुरे. यात त्यांची कधी गफलत झाली नाही. धारला नवीन आलेले एक कलेक्टर सकाळी फिरत फिरत आमच्या तलावावर आले होते. जीजी काठावरच्या दगडावर दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. त्या मान न वळवता म्हणाल्या, "खाली बस रे जरा. तू असा खांबासारखा उभा आहेस म्हणून त्यांना उतरायचा संकोच होतोय." कलेक्टर दक्षिणेकडचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण ते बसले. मागून त्यांचा शिपाई आला, तोही बसला. मग वरून घिरट्या घालणारे चार पाणकावळे टापूवरच्या वठलेल्या झाडावर उतरले आणि पंख पसरून उभे राहिले. जीजींनी नमस्कार केला तो पाणकावळ्यांना. कलेक्टरांना वाटलं आपल्याला, त्यांनीही परत केला.

जीजी म्हणजे माझी घरमालकीण. सरकारी कन्याशाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, उंच, हडकुळ्या आणि खणखणीत आवाजाच्या. अर्ध्या धारनं त्यांच्या हाताखाली बेडकाचं पोट फाडलेलं होतं. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, पोस्टात, कुठंही गेलं तरी काउंटरच्या मागची बाई त्यांना बघून आपोआप उठून उभी राहायची.

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा तिशी ओलांडली होती आणि माझ्याबरोबर दोन पेट्या होत्या. त्याआधी गावातली बरीच घरं बघून झाली होती. सगळीकडे सुरुवात भाड्यापासून व्हायची आणि गाडी तिसऱ्या वाक्यात 'मिस्टर कुठं असतात' या स्टेशनावर येऊन थांबायची. मिस्टर इंदूरला असायचे आणि मी त्यांचं घर सोडून आले होते, पण हे दारात उभं राहून अनोळखी माणसाला कसं सांगायचं? जीजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मांजर पाळतेस का?"

"नाही."

"मग ये. मांजर असती तर नसतं जमलं. पाखरं येतात गच्चीवर."

झाली मुलाखत. मी पेट्या वर चढवल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या घरात राहिले. एका खासगी शाळेत हिंदीतून गणित शिकवायचं, घरी मराठी बोलायचं आणि बाजारात माळवी ऐकायची, असं माझं आयुष्य तिथं मार्गी लागलं.

आता टापूबद्दल सांगायला हवं, कारण टापू सांगितल्याशिवाय जीजी सांगता येत नाहीत. धारला तलावांची कमी नाही, पण आमचा तलाव गावाच्या जरा बाहेर, शेतं सुरू होतात तिथं आहे. मध्यभागी नाही, एका बाजूला सरकून, काठापासून फार लांब नाही असा एक टापू. एवढासा, की बैलगाडी नेली असती तर वळवता आली नसती. काळे फत्तर, त्यांच्यामध्ये बारीक गोट्यांचा एक उतार, वाकडी झालेली दोन खजुरीची झाडं, एक पळस आणि ते वठलेलं झाड, ज्याचं नाव गावात कुणालाच सांगता यायचं नाही. पावसाळ्यात निम्मा टापू बुडायचा आणि खजुरी पाण्यातून उगवल्यासारखी दिसायची. थंडीत लांबून आलेली बदकं त्याच्या आडोशाला वारा चुकवत बसायची. होळीच्या सुमाराला पळस फुलला की पाण्यात खालीही एक पळस फुलायचा. आणि उन्हाळा लागला, पाणी उतरलं, की गोट्यांच्या त्या उतारावर टिटव्या आणि सुरय अंडी घालायचे. सुरय म्हणजे पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा, दोन टोकांच्या शेपटीचा पांढुरका पक्षी. घरटं वगैरे काही नाही. गोट्यांत जराशी खोलगट जागा करायची आणि गोट्यांसारखीच दिसणारी अंडी तिथं ठेवून द्यायची, इतका त्यांचा त्या जागेवर विश्वास.

टापूवर कोणी राहत नव्हतं. देऊळ नव्हतं, थडगं नव्हतं, झेंडासुद्धा नव्हता. आपल्याकडे पाण्यातला इतका मोठा दगड शेंदूर न लागता राहणं ही नवलाचीच गोष्ट. जीजींचं म्हणणं, तो लागू दिला नाही ही त्यांची आयुष्यातली एकमेव कमाई.

रोज सकाळी त्या तलावावर जायच्या आणि परत येताना गल्लीच्या तोंडापासून बातम्या सुरू व्हायच्या. दूधवाला, केर काढणाऱ्या बायका, दात घासणारे पुरुष, सगळ्यांसाठी. "आज कासवं उन्हाला आली आहेत बरं का. थोरल्या घोरपडबाईंची तब्येत बरी दिसली. खंड्यांनी सकाळपासून दोन मासे घेतले आणि एक सोडला, का सोडला ते त्यांनाच ठाऊक." गल्लीतली माणसं 'हो का, वा वा' म्हणायची. मंडळी त्यांना हसायची, नाही असं नाही, पण जीजी चार दिवस तापानं पडल्या तेव्हा दूधवाल्यानं मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "भेनजी, वो घोरपड की तबीयत कैसी है?"

त्यांचा मोबाइल तांदळाच्या डब्यात असायचा. वाजला तरी घुमल्यासारखा वाजायचा, आणि काढेपर्यंत बंद पडायचा. "ज्याला खरंच काम असेल तो चालत येईल," असं त्या म्हणायच्या. देवासहून माझी आई मला फोन करायची आणि मी उचलला नाही की त्यांना. एकदा चुकून तो वेळेत निघाला. आईनं पलीकडून काळजीच्या सुरात बरंच काही विचारलं असावं. गावात लोक काय बोलतात, हिचं पुढं काय, असलं काहीतरी. जीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, तुझी मुलगी बरी आहे. सकाळी माझ्याबरोबर तलावावर येते. वांगं खात नाही. याहून जास्त मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही." आणि फोन परत तांदळात.

नसत्या चौकशीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. कोणी शेजारणीच्या सुनेबद्दल काही विचारायला लागलं की त्या पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "ते कळल्यावर ही जास्त फुगणार आहे का?" आणि खरोखर उत्तराची वाट बघायच्या. समोरची बाई पोळीकडे बघायची, जीजींकडे बघायची आणि विषय बदलायची.

"जीजी, तुम्ही कधी टापूवर गेलात?" असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. शिंगाडेवाल्यांच्या होड्या असायच्या, जायला काहीच अवघड नव्हतं.

"नाही."

"कधीच नाही? मनातसुद्धा आलं नाही?"

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "माझे आजोबा संस्थानात शिकारखान्यावर होते. साहेब लोक आले की त्यांना त्या टापूवर नेऊन बसवायचं, आणि दिवस उजाडला की बदकांवर बार काढायचे. आमच्या दिवाणखान्यात त्याच्या तसबिरी होत्या. मेलेली बदकं ओळीनं मांडलेली आणि मागं आजोबा मिशीला पीळ देऊन. आमच्या घराण्याचे तिथं जेवढे पाय पडायचे तेवढे पडून झाले. आता माझा नको." मग दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावत त्या म्हणाल्या, "आणि एक तरी जागा असावी ना गं, जिथं आपलं काही काम नाही."

हे मला तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटलं होतं. त्याचा अर्थ अंगाला लागला तो नंतर.

धारमधल्या जुन्या मराठी घरांत चैत्रगौर अजून हौसेनं बसते. महिनाभर कोणाकडे ना कोणाकडे हळदीकुंकू. आरास, कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. इथल्या तरुण सुनांना मराठी वाचताना अडखळायला होतं, पण डाळीत हिंगाची फोडणी कधी घालायची ते मात्र त्या बरोबर सांगतील. जीजींकडची आरास गावात प्रसिद्ध होती. मोठ्या पितळी परातीत पाणी, पाण्यात काळा दगड, दगडावर गोटे आणि खजुरींच्या जागी दोन शिंदीच्या काड्या. म्हणजे टापूच. आणि गौर झोपाळ्यात, परातीच्या बाहेर, काठावर, टापूकडे तोंड करून. कोणी कौतुकानं एखादी बाहुली किंवा मातीचा मोर त्या दगडावर नेऊन ठेवला की जीजी पन्हं देता देता तो उचलून खाली ठेवायच्या. बायका म्हणायच्या, "जीजींचं टापूवर किती प्रेम आहे, नाही?" गौर काठावर का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

त्या बायकांच्या म्होरक्या म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई. पन्नाशीच्या, गोलमटोल, सदैव कसली तरी तयारी करत असलेल्या, मनानं अतिशय चांगल्या. जीजींच्याच विद्यार्थिनी. जीजी वर्गातल्या मुलींना तलावावर नेऊन गप्प बसवायच्या आणि काय दिसलं ते प्रत्येकीला सांगायला लावायच्या. या बाईंनी त्या वयात डोळे मिटून डुलकी काढली होती आणि विचारल्यावर सांगितलं होतं, "हंस." जीजी म्हणाल्या होत्या, "हंस आले आणि मला न भेटता गेले? असे वागायचे नाहीत ते." ही गोष्ट अध्यक्षाबाई स्वतःच सगळीकडे सांगत आणि पदर तोंडाला लावून हसत.

पण त्यांच्याच घरच्या हळदीकुंकवाला माझ्या बाबतीत असं घडलं. त्या एकेकीला कुंकू लावत माझ्यापर्यंत आल्या. बोट करंड्यात बुडवलेलं, हात माझ्या कपाळाच्या दिशेनं निघालेला, आणि मध्येच थांबला. हिला लावायचं की नाही? नवरा आहे, पण नाही. सवाष्ण म्हणावं तर तसं, न म्हणावं तर तसं. त्यांच्या चेहऱ्यावर हे सगळं स्वच्छ वाचता येत होतं. दुष्टावा नव्हता त्यात, नुसता गोंधळ होता. सगळ्यांचे डोळे आमच्याकडे लागले. ते लाल बोट हवेत तसंच. तेवढ्यात जीजींनी कोपऱ्यातून बातम्या सुरू केल्या, "आज टिटवीबाईंनी अंडी घातली बरं का!" सगळ्या तिकडे वळल्या, आणि बोट माझ्या कपाळाला ओझरतं टेकून पुढं गेलं.

वाटेत जीजी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही. फक्त त्यानंतर मी कोणाच्याच हळदीकुंकवाला गेले नाही. 'तू का येत नाहीस' असंही जीजींनी विचारलं नाही. परत येताना माझ्या वाटची डाळ डब्यात आणायच्या आणि जिन्यावर ठेवायच्या.

जीजींची पंच्याहत्तरी आली त्या वर्षी पाऊस आधीच कमी झालेला. चैत्रातच पाणी इतकं उतरलं की काठापासून टापूपर्यंत चिखलाची एक वाट वर आली. वरून वाळलेली, आतून लोण्यासारखी मऊ. माळव्याची काळी माती ती, एकदा पाय धरला की सोडत नाही. जीजींची झोप उडाली. उतारावर सुरयांची अंडी होती, टिटव्यांची होती, आणि गावातल्या कुत्र्यांना ती वाट सापडायला फार वेळ लागणार नव्हता. त्यांनी बाभळीच्या फांद्या ओढून आणून वाटेच्या तोंडाशी रचल्या. रोज सकाळी फावडं घेऊन वाट मधून तोडायला बघायच्या. मीही जायचे. पण दोघींनी उकरलेला गाळ दुपारपर्यंत पुन्हा बसायचा.

अशात अध्यक्षाबाईंनी मला बाजारात गाठलं. चेहरा नुसता फुललेला.

"सुन ना, जीजींना बिलकुल सांगायचं नाही हं. सरप्राइज आहे. यंदाचं मंडळाचं हळदीकुंकू कुठं करतोय माहीत आहे? टापूवर!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मंडपवाल्याला सांगून ठेवलंय. तो फळ्या टाकेल, वर जाजम. गौर तिथंच बसवायची, त्या खजुरीखाली. आणि जीजींचा सत्कार. किती गोड ना?"

"अहो, पण तिथं अंडी आहेत. जीजी स्वतः कधी—"

"तेच तर!" त्यांचे डोळे भरून आले. "जन्मभर बिचारीनं लांबूनच पाहिलं. कोणी नेलंच नाही गं तिला. एकदा तरी पाय लागू देत तिचे. अंडी काय, बाजूला टोपलीत ठेवू नीट."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. पण ज्या बाईनं मनातल्या मनात सगळा सोहळा बघून घेतला आहे, तिला काही ऐकू येत नाही. शेवटी मी घरी आले आणि सरळ जीजींना सांगितलं.

मला वाटलं आता भडका उडणार. जीजी ओट्याजवळच्या पाटावर बसल्या आणि कैऱ्या किसायला लागल्या.

"ओरडा ना त्यांना," मी म्हणाले. "तुमचं ऐकतील त्या."

"ओरडू कशी? माझ्यावर माया करतात गं त्या. तीच तर पंचाईत आहे." किस हातातून सांडत होता तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "आजोबांशी भांडता आलं असतं. यांच्याशी कशी भांडू? आणि हळदीकुंकवाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही."

त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. तिथली अंडी एका दिवसात पायाखाली जाणार होती, आणि ज्यांच्या पायाखाली जाणार होती त्या बायका जीजींसाठी नव्या साड्या नेसून, गजरे माळून येणार होत्या. पाखरांनी एकदा जागा सोडली की ती परत तिथं अंडी घालत नाहीत, हे जीजींनीच मला शिकवलं होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळीच त्या उठल्या, ठेवणीतली माहेश्वरी नेसल्या, कैरीची डाळ आणि हरभरे मोठ्या पातेल्यांत भरले आणि मला म्हणाल्या, "करंडा घे आणि चल."

"कुठं?"

"हळदीकुंकवाला."

तलावावर मंडपवाला हातगाडीवर फळ्या, जाजम आणि प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आलेलाच होता. जीजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पातेली काठावर बाभळीच्या सावलीत ठेवली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, काट्यांच्या फांद्या ओलांडल्या आणि त्या चिखलाच्या वाटेत बरोबर मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. टापूच्या अलीकडे. उभ्या राहिल्या म्हणजे रुतल्या. आधी घोटे, मग पोटऱ्या. एकदा तोल गेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले. टापूवरून सुरय उठले, किंचाळत त्यांच्या डोक्यावर झेपा घालायला लागले. जीजी हात जोडून वर बघत म्हणाल्या, "मी पुढं येत नाहीये हो. इथंच आहे. बसा तुम्ही, बसा."

खुर्च्या परत न्यायच्या की काय या विचारात मंडपवाला माझ्याकडे वळला. "बई, अबे कई करूं? कुर्सी पाछी लई जऊं?"

तेवढ्यात बायका आल्याच. रंगीबेरंगी, हसत, कोणाच्या हातात गौर, कोणाच्या हातात शाल आणि नारळ. आणि समोर बघतात तो सत्कारमूर्ती चिखलात.

"जीजी! अहो हे काय!" अध्यक्षाबाई धावल्या.

"या गं, या," जीजी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "यंदा माझ्याकडचं हळदीकुंकू इथं आहे. एकेकीनं पुढं यायचं, कुंकू घ्यायचं, ओटी घ्यायची आणि काठावर जाऊन डाळ खायची. आमंत्रण करायचं राहिलं, पण आल्याच आहात."

आता यात सगळी मेख होती. कुंकू लावून ओटी भरली की हळदीकुंकू झालं. त्यानंतर यजमानीण तिथं उभी असताना तिला ओलांडून पुढं जायचं, हे धारच्या एकाही मराठी बाईला जमलं नसतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांची समजूत काढून त्या गेल्या असत्या. कुंकवापुढं काय करणार?

"माझे हात बरबटलेत," जीजी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू लाव सगळ्यांना."

मी करंडा धरून तिथंच थिजले. जीजींना हात धुवायला पाणी हवं असतं तर सगळीकडे पाणीच होतं. पण त्या तशाच काळे हात लांब धरून उभ्या होत्या आणि माझी वाट बघत होत्या. मी चिखलात पाय घातला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आमच्या मागं टापू, समोर अध्यक्षाबाई. मी कुंकवात बोट बुडवलं, हात उचलला आणि माझाच हात अर्ध्यावर थांबला. या बाईंना माझ्या हातचं चालेल?

अध्यक्षाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं आठवलं, हे मला दिसलं. मग त्यांनी त्या गाळात एक पाऊल पुढं टाकलं, नव्या साडीसकट, आणि आपलं कपाळ माझ्या बोटाशी आणलं.

"लाव गं," त्या हळूच म्हणाल्या. "नीट, मोठं लाव."

मी लावलं. त्यांनी माझ्या हातातला करंडा घेतला आणि मला उलट लावलं, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, दाबून. मग त्यांच्यामागून सगळ्या आल्या, एकीमागून एक. एकीनं काठावरून हरभऱ्यांचं पातेलं आणून जीजींपुढं धरलं, त्या प्रत्येकीच्या ओंजळीत चिखलाच्या हातांनी हरभरे घालत होत्या आणि कोणीही हात मागं घेतला नाही. मला रडू येत होतं आणि ते लपवायला दोन्ही हातांपैकी एकही मोकळा नव्हता.

ओटी घेऊन वळता वळता अध्यक्षाबाईंची नजर टापूवर गेली. इतक्या जवळून त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला असावा. सुरय परत येऊन बसत होते. एक पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आला आणि गोट्यांवर अलगद बसला, आणि त्या बसण्यामुळेच ते गोटे नव्हेत हे कळलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मंडप तर इथंच घालणार होतो आपण."

"हो," जीजी म्हणाल्या.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की आता. डाळ खा जा."

जीजींना त्या चिखलातून उपटून काढायला सगळं मंडळ लागलं. चपला आत राहिल्या त्या राहिल्याच. काठावर बाभळीखाली जाजम पसरून गौर बसली, टापूकडे तोंड करून. या वेळी ती तशी का बसवली ते कोणाला सांगावं लागलं नाही. शाल पांघरताना अध्यक्षाबाई भाषण विसरल्या आणि जीजींच्या गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीत हजर, पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, हातात घमेलं, मागं दहाबारा बायका. मंडपवालाही फावडं घेऊन आला होता, आपणहून. वाट मधोमध तोडली, गाळ काढला, आणि पाणी या बाजूनं त्या बाजूला गेलं. त्या उन्हाळ्यात टापूवर पिल्लं झाली. गोट्यांच्या रंगाचीच, चालायला लागल्याशिवाय दिसत नसत.

माझ्या इंदूरच्या घराबद्दल जीजींनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मीच एकदा सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, गच्चीवर कुरडया वाळत घालताना, सगळं, पहिल्यापासून. त्या मान खाली घालून कुरडया घालत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. चहा टाक आता, माझा पण." इतकंच. मला सल्ला दिला नाही, जवळ घेतलं नाही, कोणाची बाजू घेतली नाही. मी खाली जाऊन चहा टाकला आणि पातेल्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिले. आयुष्यात इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. कोणीतरी आपल्याला आपल्यापाशीच राहू द्यावं, याच्याएवढं मोठं देणं मला दुसरं कोणी दिलेलं नाही. त्यांचे आभार मानायला गेले असते तर त्यांनी पोळीची गोष्ट काढली असती, म्हणून मानले नाहीत. आता इथं मानते.

जीजी गेल्या त्या थंडीच्या दिवसांत, झोपेत. भाचे आले, नर्मदेवर सगळं रीतसर झालं. घर विकलं गेलं, मी आता दुसरीकडे राहते. पण चैत्रात पाणी उतरलं की मंडळाचं हळदीकुंकू तलावाच्या काठावर असतं आणि त्याआधी सगळ्याजणी मिळून वाट तोडतात. पाऊस चांगला झालेला असला आणि वाट वर आलेलीच नसली, तरी थोडा गाळ काढतात. तरुण मुलींना वाटतं, ही काहीतरी फार जुनी रीत आहे.

यंदा एक नवीन बाई आली होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदली होऊन आलेली, सोनकच्छकडची, अंगानं बारीक. एकटीच होती. आमच्यातल्या एका सुनेनं हसून अगदी सहज विचारलं, "और मिस्टर कुठं असतात तुमचे?"

ती बाई आपल्या पायांकडे बघायला लागली. ते बघणं मी ओळखते. मी काही बोलणार तेवढ्यात अध्यक्षाबाईंनी खुर्चीतून हाक मारली. त्यांचे गुडघे आता गेलेत, चिखलात उतरता येत नाही, पण आवाज शाबूत आहे.

"ए, तिला आधी फावडं दे! बाकीचं तिला वाटलं तर तिचं ती सांगेल. नाही वाटलं तर नाही."

सून ओशाळली आणि तिनं फावडं पुढं केलं. त्या बाईनं साडी खोचली आणि गाळात उतरली. पहिले काही घाव जपून, मग जोरात, मग आजूबाजूला कोणी आहे हे विसरून. टापूवरून सुरय उठले, ओरडले, परत बसले. शेवटचा मातीचा बांध तिच्याच फावड्यानं फुटला आणि दोन्हीकडचं पाणी धावत येऊन तिच्या पायाशी एक झालं. ती तिथंच, पोटरीभर पाण्यात, फावड्यावर रेलून हसत उभी राहिली, आणि कोणीही तिला काही विचारलं नाही.